एका आमदाराची १७५ मते

२० ऑगस्ट १९६९ रोजी राष्ट्रपतिपदाची मते मोजली जात होती. पहिल्या पसंतीची मोजणी संपली तेव्हा व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे ४,०१,५१५ मते होती, नीलम संजीव रेड्डी यांच्याकडे ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांच्याकडे १,१२,७६९. विजयासाठी ४,१८,१६९ मते लागणार होती, त्यामुळे गिरी पुढे असूनही निवडून आलेले नव्हते. एकूण १५ उमेदवारांपैकी तळाचे एकेक जण बाद होत गेले आणि शेवटी देशमुखांची पाळी आली. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले आणि मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडलेले हे गृहस्थ जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर उभे होते. ते हरले, पण त्यांना मिळालेल्या मतपत्रिका पुन्हा हातात घेतल्या गेल्या. त्यांच्यावर ‘२’ हा आकडा कोणाच्या नावापुढे आहे, ते आता पाहायचे होते.

बहुतेक ठिकाणी तो रेड्डींच्या नावापुढे होता. बाद झालेल्या सगळ्या उमेदवारांकडून मिळून रेड्डींना ९१,८७९ मते मिळाली, गिरींना १८,५६२. गिरींना तेवढी पुरली. अंतिम आकडे होते ४,२०,०७७ आणि ४,०५,४२७. त्या वेळी खासदाराच्या एका मताचे मूल्य ५७६ होते. १३ खासदारांनी गिरींऐवजी रेड्डींना पसंती दिली असती, तर रेड्डी राष्ट्रपती झाले असते. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार रेड्डी होते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी मात्र सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मतदान करा असे सांगून पारडे गिरींकडे झुकवले. त्याच वर्षाच्या अखेरीस काँग्रेस फुटली.

दुसऱ्या पसंतीची मते मोजून राष्ट्रपती ठरल्याची ही आजवरची एकमेव वेळ. इतर लढतींत निकाल पहिल्याच मोजणीत लागला आहे आणि बहुतेकदा तो कसा लागणार हे अर्ज भरतानाच दिसत होते. म्हणून या निवडणुकीकडे पाहण्याची आपली सवय झाली आहे ती आकडेमोडीपुरती: कोणत्या आघाडीकडे किती आमदार, कोण कोणाला पाठिंबा देणार, कोण कुंपणावर बसले आहे. या आकड्यांच्या मुळाशी केंद्र आणि राज्ये यांच्यातला एक करार आहे. तो करार १९७१ च्या जनगणनेवर उभा आहे, आणि ते जोते बदलण्याची वेळ आता आली आहे. राष्ट्रपती कसा निवडला जातो हे नीट समजून घेण्याचे कारण मला तिथे दिसते.

संविधान सभेत हा प्रश्न सहज सुटला नव्हता. प्रौढ मताधिकाराने साऱ्या देशाने राष्ट्रपती निवडावा, असा आग्रह धरणाऱ्यांत प्रा. के. टी. शाह आघाडीवर होते. मुंबई विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवलेल्या या विद्वानाला अध्यक्षीय पद्धतीचे आकर्षण होते. ज्याला जनतेने थेट निवडले आहे तोच जनतेचा खरा प्रतिनिधी, असे त्यांचे म्हणणे. त्यावर नेहरूंनी जुलै १९४७ मध्येच उत्तर दिले होते. सत्ता मंत्रिमंडळाच्या हाती राहणार आहे, राष्ट्रपतीच्या नाही. मग त्याला कोट्यवधी मतदारांच्या कौलाने निवडायचे आणि हाती खरे अधिकार द्यायचे नाहीत, ही विसंगती होईल. डिसेंबर १९४८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी यात व्यवहाराचे मुद्दे घातले: मतदारांची प्रचंड संख्या आणि इतक्या मोठ्या मतदानासाठी लागणारी यंत्रणा. राष्ट्रपती हा नामधारी प्रमुख असेल, तेव्हा त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, हाही मुद्दा होताच.

यातला यंत्रणेचा मुद्दा आज उरलेला नाही. नेहरूंचा मुद्दाही निर्विवाद नव्हता, कारण आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष आपल्यासारखाच नामधारी असूनही थेट जनतेच्या मतांनी निवडला जातो, आणि तिथे त्यामुळे पंतप्रधानाशी सत्तेची ओढाताण होत राहिली असे झालेले नाही. तरीही संविधान सभेचा निर्णय मला योग्य वाटतो, पण वेगळ्या कारणाने. थेट निवडणुकीत उत्तरेकडच्या चार-पाच मोठ्या राज्यांनी एकगठ्ठा मतदान केले की पारडे त्यांच्याकडे झुकते. फक्त संसदेने निवडायचे म्हटले, तर ज्या बहुमताने पंतप्रधान दिला तेच बहुमत राष्ट्रपतीही देणार. संविधानकारांनी या दोहोंच्या मधली वाट काढली आणि राज्यांच्या विधानसभांना संसदेच्या बरोबरीने बसवले. अप्रत्यक्ष पद्धती जगात अनेक आहेत. आपल्या पद्धतीचे वेगळेपण या बरोबरीत आहे.

(शाह यांची पुढची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ज्या पद्धतीला त्यांनी विरोध केला तिच्याच नियमांनी झालेल्या १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत ते राजेंद्रप्रसादांविरुद्ध उभे राहिले. राजेंद्रप्रसादांना ५,०७,४०० मते पडली, शाह यांना ९२,८२७.)

आता प्रत्यक्ष रचना. अनुच्छेद ५४ प्रमाणे राष्ट्रपतीची निवड निर्वाचकगण करतो. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि सर्व राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून हा गण होतो. १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीने दिल्ली आणि पुदुच्चेरीच्या विधानसभाही त्यात आल्या. विधान परिषदेच्या आमदारांना मत नाही. आपल्याकडचा एखादा नेता परिषदेतून मुख्यमंत्री झाला असला तरी राष्ट्रपतिपदासाठी तो मत देऊ शकत नाही. राज्यसभेतल्या नामनिर्देशित सदस्यांनाही मत नाही. उपराष्ट्रपतीच्या निवडणुकीत मात्र हे नामनिर्देशित सदस्य मत देतात, विधानसभांना तिथे स्थान नाही आणि प्रत्येकाचे मत एकाच किमतीचे असते. या दोन निवडणुका एकमेकींसारख्या आहेत असा समज सर्रास आढळतो, आणि तो चुकीचा आहे.

अनुच्छेद ५५ मताची किंमत ठरवतो. राज्याची लोकसंख्या घ्यायची, तिला निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायचे, आलेल्या उत्तराला पुन्हा १,००० ने भागायचे. बाकी ५०० किंवा त्याहून जास्त उरली तर एक वाढवायचा. १९७१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५ होती. २८८ ने भागले की एका आमदारामागे १,७५,०४२ माणसे येतात, म्हणून आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आणि साऱ्या विधानसभेचे मिळून ५०,४००. गोव्याची तेव्हाची लोकसंख्या ७,९५,१२०, आमदार ४०. भागाकार १९,८७८ येतो, बाकी ५०० च्या वर जाते, म्हणून मूल्य २० आणि एकूण ८००. उत्तर प्रदेशाचा आमदार सर्वांत भारी, २०८ चा. सिक्कीमचा सर्वांत हलका, ७ चा. गोव्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९८७ मध्ये घटक राज्याचा दर्जा मिळेपर्यंत तिथल्या आमदारांना राष्ट्रपतीच्या निवडीत मतच नव्हते. घटक राज्य झाल्याने मिळालेल्या हक्कांची यादी करताना आपण हा हक्क विसरतो.

खासदाराच्या मताची किंमत काढण्याची रीत मला या साऱ्या यंत्रणेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. खासदाराला स्वतःचे वजनच नाही. साऱ्या राज्यांच्या आमदारांची मते एकत्र करायची, ती निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायची, आणि जो आकडा येईल ते एका खासदाराचे मूल्य. २०२२ मध्ये आमदारांची मते मिळून ५,४३,२३१ झाली. खासदार ७७६, म्हणून प्रत्येकी ७००, आणि खासदारांची एकूण मते ५,४३,२००. तागडीच्या एका पारड्यात राज्ये, दुसऱ्यात संसद, आणि काटा मधोमध. लोकसभेच्या जागा उद्या दीडपट झाल्या तरी खासदारामागचे मूल्य तेवढे उतरेल आणि काटा जागचा हलणार नाही. राज्यांचे पारडे हलके झाले की संसदेचेही आपोआप होते. १९९७ पासून २०१७ पर्यंत खासदाराचे मूल्य ७०८ होते. जम्मू-काश्मीर केंद्रशासित प्रदेश झाला, तिथे विधानसभा नव्हती, तिथली ६,२६४ मते गळाली आणि मग साऱ्या देशातल्या प्रत्येक खासदाराचे मत आठ अंकांनी स्वस्त झाले. काश्मीरच्या रिकाम्या विधानसभेचा परिणाम बारामतीच्या आणि उत्तर गोव्याच्या खासदाराच्या मतपत्रिकेवरही झाला. तिथे २०२४ मध्ये विधानसभा पुन्हा निवडून आली आहे, पण अनुच्छेद ५४ च्या स्पष्टीकरणात केंद्रशासित प्रदेशांपैकी नावे दोनच आहेत, दिल्ली आणि पुदुच्चेरी. या ९० आमदारांना मत मिळायचे असेल तर कायद्याचा हा धागा आधी सोडवावा लागेल.

मतदान गुप्त असते आणि पसंतीक्रमाने असते. खासदाराला हिरवी मतपत्रिका मिळते, आमदाराला गुलाबी. नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे, आणि २०१७ पासून निवडणूक आयोगाने दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेननेच लिहायचे. दुसरे पेन वापरले तर मत बाद. पसंतीक्रमामुळे इथे मतदान यंत्र चालत नाही. राज्याराज्यांत मतदान झाले की पेट्या विमानाने दिल्लीला जातात. २०२२ मध्ये या पेट्यांसाठी स्वतंत्र तिकीट काढले होते आणि सोबतच्या अधिकाऱ्याशेजारच्या आसनावर त्या ठेवल्या होत्या. लोकसभा आणि राज्यसभा यांचे महासचिव आळीपाळीने निर्वाचन अधिकारी होतात. वैध मतांच्या मूल्याच्या निम्म्याहून एक जास्त म्हणजे कोटा. कोणालाच तो गाठता आला नाही, तर शेवटचा उमेदवार बाद करून त्याची मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जाते, तिचे मूल्य तेवढेच राहते. संविधान याला एकल संक्रमणीय मताची प्रमाणशीर प्रतिनिधित्व पद्धती म्हणते. पद एकच असताना प्रमाणशीर वाटणी कसली होणार? हे नाव चुकले आहे असे अनेक अभ्यासक म्हणत आले आहेत आणि ते बरोबर आहे. मात्र जो निवडून येईल त्याच्यामागे निम्म्याहून जास्त वजन असावे, हा हेतू या पद्धतीने साधतो, आणि लोकसभेच्या आपल्या निवडणुकीत तेवढेही साधत नाही.

या निवडणुकीत पक्षादेश चालत नाही. पक्ष व्हिप काढू शकत नाहीत आणि पक्षाच्या उमेदवाराविरुद्ध मत दिले म्हणून पक्षांतरबंदी लागत नाही, असे निवडणूक आयोगाने स्पष्ट केले आहे. आमदार-खासदाराला पक्षाच्या दोरीशिवाय मत देता येईल अशी इतकी महत्त्वाची वेळ पाच वर्षांत क्वचितच येते. तिचा उपयोग होतो का? होतो, पण थोडा. २००७ मध्ये भैरोसिंह शेखावत राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या (रालोआ) पाठिंब्यावर उभे असताना त्याच आघाडीतल्या शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताई पाटील यांना मते दिली. प्रतिभाताई ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा निवडून आल्या आणि देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. २०१२ मध्येही शिवसेनेने रालोआबाहेर जाऊन प्रणव मुखर्जींना साथ दिली. हे मात्र पक्षांचे निर्णय होते, एकेकट्या सदस्याचे नव्हते. एकट्या सदस्याचे बंड कसे दिसते ते २०२२ मध्ये केरळात दिसले. १४० आमदारांपैकी १३९ मते यशवंत सिन्हांना पडली आणि एक द्रौपदी मुर्मूंना. मते राज्यवार मोजली जातात, त्यामुळे कुठल्या राज्यात काय झाले ते कळते. कोणी केले ते कळत नाही. ही रचना मला जपण्यासारखी वाटते.

जपण्यासारखी नसलेली गोष्टही त्याच निवडणुकीत घडली. ५३ मते अवैध ठरली, त्यांत १५ खासदारांची होती. कायदे करणाऱ्या १५ माणसांना एक आकडा नीट लिहिता आला नाही, किंवा लिहायचा नव्हता, आणि १०,५०० मूल्याची मते वाया गेली. साऱ्या गोवा विधानसभेच्या मतांच्या तेरापट. त्या ८०० मतांमागे गोव्याचा एकूण एक मतदार उभा असतो. त्याने आपले मत दुसऱ्याच्या हाती सोपवलेले असते. अप्रत्यक्ष निवडणुकीत प्रतिनिधीची बेफिकिरी ही त्याची खासगी बाब राहत नाही.

उमेदवारीचे नियम मधूनमधून कडक झाले. सुरुवातीला कोणीही सहज उभा राहत असे. १९६७ मध्ये १७ उमेदवार होते आणि त्यांतल्या कित्येकांना एकही मत पडले नाही. १९७४ मध्ये १० सूचक आणि १० अनुमोदक आवश्यक केले, १९९७ मध्ये ते ५०-५० झाले आणि अनामत १५,००० रुपये झाली. यामुळे हौशी उमेदवार थांबले, आणि त्यांच्याबरोबर लहान पक्षांचा स्वतंत्र उमेदवारही बहुतेक थांबला. त्यानंतरच्या प्रत्येक लढतीत दोनच नावे राहिली. दोन उमेदवार असले की पसंतीक्रमाला अर्थच उरत नाही. १९६९ सारखी मोजणी पुन्हा व्हायची असेल तर तिसरे नाव मतपत्रिकेवर येण्याइतकी जागा हवी. मला ५० चा आकडा जास्त वाटतो.

वाद थेट सर्वोच्च न्यायालयात जातात आणि त्यातला एक जुना वाद नागपूरकरांचा आहे. मध्य प्रांताचे पंतप्रधान राहिलेले आणि पुढे हिंदू महासभेचे नेते झालेले डॉ. ना. भा. खरे १९५७ मध्ये न्यायालयात गेले. बर्फाच्या भागातल्या काही मतदारसंघांत निवडणुका झाल्या नव्हत्या. निर्वाचकगण अपुरा असताना राष्ट्रपतीची निवड कशी होते, असा त्यांचा प्रश्न होता. न्यायालयाने निवडणूक आधी होऊ दे म्हणून त्यांना परत पाठवले, नंतरची याचिकाही टिकली नाही. प्रश्न मात्र खरा होता, म्हणून १९६१ मध्ये अकराव्या घटनादुरुस्तीने निर्वाचकगणात जागा रिकाम्या आहेत एवढ्या कारणावरून निवडणुकीला आव्हान देता येणार नाही, अशी तरतूद केली. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा बरखास्त झालेली असताना हाच पेच आला आणि मुदत संपण्याआधी निवडणूक झालीच पाहिजे, असा सल्ला सर्वोच्च न्यायालयाने दिला. गिरींच्या निवडीलाही आव्हान दिले गेले. रेड्डींविरुद्ध वाटलेल्या एका बदनामीकारक पत्रकाचा तो खटला होता. पदावर असलेला राष्ट्रपती साक्ष द्यायला स्वतः न्यायालयात आला, हे देशाने तेव्हा पहिल्यांदा पाहिले. याचिका फेटाळली गेली.

इतर देशांशी तुलना केली की आपल्या पद्धतीतली निवड अधिक स्पष्ट होते. अमेरिकेतही निर्वाचकगण आहे, ५३८ जणांचा, पण तो फक्त या कामापुरता निवडला जातो आणि बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला राज्याची सगळी मते मिळतात. त्यामुळे २००० आणि २०१६ मध्ये देशभरात कमी मते मिळवलेला उमेदवार अध्यक्ष झाला. आपल्याकडे आमदार स्वतंत्रपणे मत देतो, राज्य एकगठ्ठा पडत नाही, म्हणून ती विकृती येत नाही. जर्मनीत संसदेचे सर्व सदस्य आणि तितकेच राज्यांनी निवडलेले प्रतिनिधी एकत्र बसतात; या प्रतिनिधींत कलावंत, खेळाडू, सामान्य नागरिकही असतात. बरोबरीचे तत्त्व तिथेही आहे. इटलीत संसदेबरोबर प्रांतांचे थोडे प्रतिनिधी असतात आणि मतदानाच्या फेऱ्यांवर फेऱ्या होतात. १९७१ मध्ये २३ व्या फेरीत निकाल लागला. पाकिस्तानची तुलना आपल्याला सर्वांत जवळची आणि उलटी आहे. तिथे चारही प्रांतांच्या विधानसभांचे वजन सारखे करतात, सर्वांत लहान बलुचिस्तानच्या सदस्यसंख्येइतके. पंजाब कितीही मोठा असला तरी त्याचे वजन बलुचिस्तानइतकेच. आपण राज्यांना सारखे मानले नाही. माणसांना सारखे मानले आणि राज्यांना त्यांच्या माणसांच्या प्रमाणात वजन दिले.

पण कुठल्या माणसांच्या? इथे मुख्य प्रश्न येतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने या सूत्रातली लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेवर गोठवली, २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ती मुदत वाढवली. २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चेच आकडे चालतील, असे आजचे शब्द आहेत. यामागचे कारण न्याय्य होते. कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचे राजकीय वजन त्यामुळेच घटू नये. त्याची किंमत म्हणजे १९७१ नंतर जन्मलेला कोणीही भारतीय राष्ट्रपतीच्या निवडीत मोजलाच जात नाही.

हे गोठण निघाले तर काय होईल, याचा अंदाज मी २०११ च्या जनगणनेवरून, आमदारांची आजची संख्या धरून केला. उत्तर प्रदेशाचा आमदार २०८ वरून ४९६ वर जातो, बिहारचा १७३ वरून ४२८ वर, महाराष्ट्राचा १७५ वरून ३९० वर, तमिळनाडूचा १७६ वरून ३०८ वर, केरळचा १५२ वरून २३९ वर, गोव्याचा २० वरून ३६ वर. आकडे सगळ्यांचेच वाढतात. पाहायचे ते प्रमाण. आज केरळच्या आमदाराचे मत उत्तर प्रदेशाच्या आमदाराच्या मताच्या ७३ टक्के आहे, ते ४८ टक्क्यांवर येईल. तमिळनाडूचे ८५ वरून ६२ वर. महाराष्ट्र ८४ वरून ७९ वर, म्हणजे थोडाच खाली. आणि आज एका अंकाने पुढे असलेला तमिळनाडूचा आमदार आपल्या आमदाराच्या बराच मागे पडेल. जन्मदर उतरला तरी महाराष्ट्राचे वजन टिकते, याचे एक कारण स्थलांतर आहे. मुंबई, ठाणे, पुण्यात पोटासाठी आलेला बिहार-उत्तर प्रदेशाचा माणूस इथे मोजला जातो, आणि त्याच्यामुळे महाराष्ट्राच्या आमदाराचे मत जड होते. परप्रांतीयांवरून आपल्याकडे जे बोलले जाते त्यात हा हिशेब कुणी मांडत नाही.

आणखी एक बारकावा महत्त्वाचा आहे. लोकसभेच्या जागा बदलायच्या तर संसदेने कायदा करावा लागतो, आयोग नेमावा लागतो, त्यावर वर्षानुवर्षे वाद होतात. मताच्या मूल्यासाठी आजच्या तरतुदीनुसार यातले काहीच लागत नाही. जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की सूत्रातली जुनी संख्या निघते आणि नवी बसते. दक्षिणेतली राज्ये मतदारसंघांच्या फेररचनेबद्दल आवाज उठवत आहेत, पण राष्ट्रपतीच्या निवडीतले त्यांचे वजन त्याआधीच घटू शकते. केंद्र आणि राज्ये यांच्यातला काटा मधोमध राहील. राज्याराज्यांमधला मात्र सरकेल, आणि पुढे लोकसभेच्या जागाही बदलल्या तर संसदेच्या पारड्यातही तोच फरक दुसऱ्यांदा पडेल. माझे मत असे की हे गोठण कायम ठेवता येणार नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या माणसांना मोजून आजचा राष्ट्रपती निवडणे टिकणारे नाही. पण ते एका राजपत्राच्या अधिसूचनेसरशी संपावे, हेही बरोबर नाही. आमदारांची मते काढताना जुन्या आणि नव्या लोकसंख्येची सरासरी दोन-तीन निवडणुका धरावी, किंवा राज्यसभेत राज्यांना मिळणाऱ्या वजनाचा विचार यासोबतच व्हावा, असे मार्ग निघू शकतात. राज्यांशी बोलल्याशिवाय ते निघणार नाहीत. आणि घटनादुरुस्ती करायची झाली तर अनुच्छेद ५४ व ५५ साठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. संविधानकारांनी राज्यांना हा हक्क जाणूनबुजून दिला होता.

त्यांच्या हातून एक गोष्ट मात्र राहून गेली असे मला वाटते. राष्ट्रपतीला निवडताना विधानसभा संसदेच्या बरोबरीने असतात, पण अनुच्छेद ६१ खाली महाभियोग चालवून त्याला पदावरून काढायचे तर ते संसदच करते. ज्यांना निवडताना मत नव्हते ते नामनिर्देशित सदस्यही तिथे मत देतात, आणि ज्यांच्या मताने तो आला त्या आमदारांना कोणी विचारत नाही. ही तरतूद आजवर वापरावी लागलेली नाही. म्हणूनच ती शांतपणे दुरुस्त करण्याची संधी आजही आहे.

नामधारी पदासाठी एवढा काथ्याकूट कशाला, असे कोणी विचारील. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या आदेशावर सही केली. १९९७ मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने माघार घेतली. राज्याचे निवडून आलेले सरकार राहणार की जाणार, हे ज्या कागदावर ठरते त्यावर राष्ट्रपतीची सही असते. त्या सहीमागे राज्यांचेही मत असावे, म्हणून आमदारांना निर्वाचकगणात घेतले आहे.

मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली, म्हणजे पुढची निवड २०२७ च्या जुलैत व्हायची आहे. जनगणनेची गणनतिथी १ मार्च २०२७ आहे. आकडे केव्हा प्रसिद्ध होतात यावर ठरेल की महाराष्ट्राचा आमदार त्या वेळी १७५ चाच राहतो की नाही. बहुधा राहील, आणि नवा हिशेब २०३२ मध्ये लागू होईल. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडून आलेले आपले २८८ आमदार २०२७ च्या निवडीत मतदार असतील. गोव्यात मात्र त्याआधी, २०२७ च्या सुरुवातीलाच, विधानसभेची निवडणूक यायची आहे. तिथे निवडून येणारे ४० जण आमदारकीच्या पहिल्या काही महिन्यांतच गुलाबी मतपत्रिका हातात घेतील. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या प्रचारसभेत उमेदवाराला रस्त्याचे, पाण्याचे, खाणींचे प्रश्न विचारले जातील. राष्ट्रपती म्हणून तू कोणाला निवडशील, हेही त्याला तिथेच विचारता येईल, कारण मतदाराला तो प्रश्न विचारण्याची संधी त्यानंतर मिळत नाही.